बोनट न उघडता घेतलेली गाडी

माझ्या दारात एक गाडी उभी आहे आणि मला तिचं तोंड बघायची इच्छा नसते. सकाळी कारखान्यात जाताना मी तिला धक्का न लावता मोटारसायकल बाहेर काढतो. बमरोलीच्या आमच्या गल्लीत तेवढी जागाही धड नाही, पण काढतो. शेजारचे विचारतात, "मास्टर, एवढी भारी गाडी, चालवत का नाही? विकत तरी का नाही?" मी म्हणतो, माझी मर्जी. त्यांना वाटतं, मास्टरला माज आलाय. वाटू दे.

गाडी लहान आहे. बुटकी, रुंद टायरांची, मागची काच डिकीच्या दारासकट वर उघडणारी. लांबून बघितलं तर एखाद्या बँकेतल्या माणसाने बायको-मुलांना फिरवायला घेतली असावी असं वाटतं. पण मागच्या दारावर दोन लाल अक्षरं आहेत आणि पुढे असं डिझेल इंजिन आहे, जे एवढ्याशा गाडीत कोणी शहाण्या माणसाने घातलं नसतं. अशा गाड्या डिझेलमध्ये आता नव्या मिळत नाहीत, म्हणून हिचे भक्त तयार झालेत. ते पेट्रोलपंपावर गाठतात, बोनटवर हात फिरवतात आणि 'टॉर्क' हा शब्द डोळे मिटून उच्चारतात. मग विचारतात, "स्टॉक आहे की रिमॅप?" म्हणजे मूळची ताकद तशीच ठेवली आहे, की लॅपटॉप जोडून आणखी वाढवून घेतली आहे. वाढवून घेतलेली आहे. मी नाही, माझ्या आधीच्या मालकाने.

आधीचा मालक म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. आमच्यात त्याला दाजी म्हणतात आणि अहो-जाहो करतात. समोर मी ते सगळं इमानदारीत केलं. इथे करणार नाही. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. ही गाडी परत आपल्या घरी येऊ नये, एवढं एकच माझ्या बहिणीला हवं होतं. आणि मी मात्र दोन वर्षं, ती कशी परत त्याच्या दारात नेऊन उभी करीन, याच विचारात होतो.

आम्ही खानदेशातले. वडील उधन्याच्या मिलमध्ये लागले, तेव्हापासून सुरतचे. मी बमरोलीत एका पॉवरलूमच्या कारखान्यात मास्टर आहे. मास्टर म्हणजे लूम बिघडला की ज्याला हाक मारतात तो. अठ्ठेचाळीस लूम चालू असताना त्यातला कोणता कण्हतोय हे मी दारातून सांगतो, आणि याचा मला गर्व आहे. जुना लूम विकत घ्यायचा असेल तर शेठ मला घेऊन जातो. मी तो हाताने फिरवतो, तेल बोटांत घासून बघतो, खाली आडवा होऊन बघतो, विकणाऱ्याला घाम फोडतो. एवढं सगळं येत असलेल्या माणसाने ही गाडी घेतली तेव्हा बोनटसुद्धा उघडलं नाही.

मला गाडी हवी होती ती आईच्या गुडघ्यांसाठी. गावी जायचं म्हणजे तिला बसची पायरी चढवेना. मी एखादी साधी, जुनी, गॅसवर चालणारी बघत होतो. तेवढ्यात बहिणीचा फोन आला.

"भाऊ, यासनी गाडी लई ले ना. त्या इकी ऱ्हायनात."

"मला तसली उडती गाडी काय करायची आहे?"

"लई ले भाऊ. मनाकरता लई ले."

नवरा गाडी विकतोय, माझ्याकरता घे, असं ती म्हणाली. मला वाटलं, नवऱ्याने हिला पुढे केलं. दाजी इच्छापोरला राहतो, तिथल्या कारखान्यांना कंत्राटी मजूर पुरवतो. दुसऱ्यांच्या घामावर जगायचं आणि गॉगल लावून फिरायचं, हा त्याचा धंदा. त्यालाही घाई होती, कारण मजुरांची ने-आण करायला त्याने एक व्हॅन घेतली होती आणि घरापुढे दोन गाड्या उभ्या करायला जागा नव्हती. असं त्याने सांगितलं. गाडीचा टर्बो, म्हणजे इंजिनात जोराने हवा भरणारा पंखा, मरायला टेकलाय, हे नाही सांगितलं.

गाडी घेऊन तो स्वतःच आला. आईने त्याच्या पायांवर पाणी घातलं, टॉवेल-टोपी दिली, जेवायला वाढलं. जेवण झाल्यावर मी बाहेर आलो आणि सवयीने बोनटच्या खटक्याकडे हात नेला. आईने दारातूनच दटावलं. "जवाईनी वस्तू शे ती. बोनट काय उघाडस? लाज वाटस का नई तुले?"

आमच्यात हे असंच आहे. जावयाने दिलेल्या वस्तूची पारख करायची नाही, किमतीत घासाघीस करायची नाही. केली तर तुम्ही वस्तूवर नाही, त्याच्या माणूसपणावर संशय घेतला असा अर्थ होतो, आणि त्याचं उट्टं तो तुमच्यावर नाही, तुमच्या मुलीवर काढतो. हे दुसरं वाक्य कोणी बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. मी हात मागे घेतला. गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. दाजी गॉगल लावून हसत उभा होता. तेव्हाच त्याच्या नाकावर तो नारळ फोडायला हवा होता.

पहिल्याच आठवड्यात गाडीने रंग दाखवला. उधन्याच्या सिग्नलवर हिरवा दिवा लागला, मी पाय दिला, आणि काही झालंच नाही. ही गाडी कमी फेऱ्यांवर मेल्यासारखी पडून असते आणि मग एकदम पाठीत लाथ घालते. मागून लाथ बसली तेव्हा मागे एवढा काळा धूर सुटला की एका स्कूटरवाल्या बाईने पदर तोंडाला लावून मला गुजरातीत आईवरून शिवी दिली. पुढे पोलिसाने थांबवलं. "मिल चालवतोस काय सोबत?" असं विचारलं त्याने. मी त्याला पीयूसीचा कागद दाखवला. तो हसला. मीही हसलो असतो, पण पावती माझ्या नावाची होती.

नंतर सगळं एकामागून एक निघत गेलं. गाडी एवढी खाली बसलेली की आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकावर तिचं पोट घासायचं, म्हणून मी आईला उतरवून पलीकडे चालत जायला सांगायचो. जिच्या गुडघ्यांसाठी गाडी घेतली ती बाई गतिरोधक पायी ओलांडायची. क्लचच्या आतलं जड चाक खडखडायला लागलं. ते चाक आमच्या भागात कोणाकडे मिळेना, आणि मिळालं तेव्हा त्याची किंमत ऐकून मी दुकानदाराला, बरा आहेस ना, असं विचारलं. कूलंट गळायचा. पावसाळ्यात मागच्या दाराचं कुलूप आपोआप उघडायचं. एकदा भर रस्त्यात दार वर उघडं, आणि आत आईसाठी आणलेली ज्वारी सगळ्या उधन्याला दिसतेय.

उधन्यातला मेकॅनिक काठियावाडी आहे, तोंडात मावा, बोलायला कंजूस. त्याने टर्बोच्या पाइपात बोट घालून बाहेर काढलं, ते तेलाने माखलेलं बोट मला दाखवलं आणि विचारलं, "दुश्मने आपी के सगाए?" शत्रूने दिली की नातेवाइकाने. मी म्हटलं, नातेवाइकाने. तो म्हणाला, मग बरोबर आहे.

दाजीला तोंडावर बोलायची सोय नव्हती. म्हणून मी बहिणीला बोलायचो. गाडी बंद पडली की फोन काढायचो आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून तिला ऐकवायचो. तुझ्या नवऱ्याने मला फसवलं. सांग त्याला. एक दिवस हिला ओढत नेऊन तुमच्या दारात सोडतो. ती सगळं ऐकून घ्यायची. आणि तिचा एक प्रश्न ठरलेला असायचा. सणाला भेटली तरी, फोनवर बोलली तरी, आईची तब्येत विचारायच्या आधी ती विचारायची, "भाऊ, गाडी आजून बिघडेलच शे ना?"

मी चिडायचो. मला वाटायचं, मजा बघते. हो म्हटलं की तिचा आवाज मोकळा व्हायचा. गाडी बिघडलेली आहे हे ऐकून जगात माझ्या बहिणीइतकं खूश दुसरं कोणी झालं नसेल. त्या दोन वर्षांत ती अंगाने भरली होती, आमच्याकडे आली की पूर्वीसारखी मोठ्याने हसायची. मी म्हणायचो, भावाला खटारा विकून बघा कशी सुखी झाली.

दाजी पूर्वी या गाडीचे व्हिडिओ मोबाइलच्या स्टेटसवर टाकायचा. हजीरा रोड, मोकळा पट्टा, काटा एकशेचाळीसच्या पुढे, खाली ढोलकीचं गाणं. असल्या व्हिडिओत बाकी काही दिसत नाही, नुसता काटा. एकात मात्र डाव्या कोपऱ्यात दारावरचं हँडल धरलेला एक हात दिसत होता, हिरव्या बांगड्यांचा. मी त्या व्हिडिओला लाइकचा अंगठा दिला होता. लग्न नवीन होतं. मला वाटलं, चला, मजेत आहेत.

यंदा उन्हाळ्यात मी हट्टाला पेटलो. परत करायची तर नीट करून परत करीन, म्हणजे मला कोणी बोल लावणार नाही. चार रविवार मी मेकॅनिकच्या शेजारी बसून टर्बो उतरवला, दुसरा बसवला, इंजेक्टर तपासून आणले, काजळीने भरलेली नळी खरवडून साफ केली. त्यात माझंही पितळ उघडं पडलं. आमच्या कारखान्यात धाग्याचं बारीक पीस सगळीकडे बसतं, म्हणून पाळी संपली की कॉम्प्रेसरच्या पाइपाने लूमवर हवा मारतात. मी तेच गाडीच्या एअर फिल्टरला करत आलो होतो. दर रविवारी काढायचा आणि जोरात हवा मारायची. फिल्टर कागदाचा असतो. त्याला बारीक भोकं पडली होती आणि त्यातून सगळी धूळ आत, थेट टर्बोत. मेकॅनिकने तो कागद उजेडाकडे धरला आणि माझ्याकडे बघितलं. "सगाए तो मारी, पण तमे दफनावी," असं म्हणाला. नातेवाइकाने मारली, पण पुरली तुम्ही. दाजीला दिलेल्या अर्ध्या शिव्या मला परत घ्याव्या लागणार होत्या. मी त्या घेतल्या नाहीत.

पण गाडी नीट झाली. आवाज गोल झाला, धूर गेला. आणि ही बातमी इच्छापोरपर्यंत कशी पोचली ते देव जाणे, दोन दिवसांत दाजीचा फोन.

"सालेसाहेब, ऐकलं गाडी एकदम मख्खन झाली! तुम्हाला तर ती झेपत नाही म्हणता. मला द्या परत. व्हॅन चालवून कंटाळा आला यार, साठच्या वर जीव जातो तिचा. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी येतो, हिलाही घेऊन जातो आणि गाडीही."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशी घरांत दिवाळीपेक्षा मोठा सण. सासरी गेलेल्या मुली त्या दिवशी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि भाऊ त्यांना आणायला जातो. माझी बायको तिच्या माहेरी जाते, माझी बहीण आमच्याकडे येते. दाजीचं बोलणं ऐकून मला इतका आनंद झाला की मी शेठला चहा पाजला. मग बहिणीला फोन केला. सुटलो म्हटलं. गाडी नीट झाली, तुझा नवरा परत घेतोय.

पलीकडून दार लावून घेतल्याचा आवाज आला. 

"भाऊ," ती म्हणाली, "त्यासले देऊ नको ती."

"का?"

"भंगारमा टाक, जाळी टाक. पन त्यासले देऊ नको."

"अगं पण काबर?"

"देऊ नको म्हनस ना मी."

माझं डोकं सटकलं. भावाच्या गळ्यात दोन वर्षं पडली ती चालली, आता परत घ्यायची वेळ आली तेव्हा नवऱ्याचा कळवळा आला, असं मी तिला म्हणालो. यापेक्षा वाईटही बोललो. ते लिहीत नाही. ती म्हणाली, बरं. आणि फोन ठेवला. माणसाला कधीकधी आपलंच तोंड फोडावंसं वाटतं, पण ते नंतर.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी मी तिला आणायला गेलो. त्याच गाडीने. मुद्दाम. बघ म्हटलं, भावाने काय करून दाखवलंय. दाजी कामावर होता. ती बॅग घेऊन तयारच होती. गाडी बघून दारातच थांबली, मग गुपचूप येऊन बसली. मी विचारलं, रुसलीस का? ती म्हणाली, नाही.

हजीरा रोडला लागलो. रस्ता रुंद, दुपारची वेळ, ट्रक धाब्यांवर लागलेले. नवा टर्बो मी अजून नीट पळवून बघितला नव्हता. म्हटलं, हीच जागा. "आता बघ," असं मी तिला म्हणालो आणि पाय दाबला. क्षणभर गाडी नेहमीसारखी झोपलेली, मग ती ओळखीची लाथ, पाठ सीटला चिकटली, पुढून बारीक शिट्टीसारखा आवाज सुरू झाला. खरं सांगतो, मला मजा आली. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या गाडीची मजा आली. काटा शंभरच्या पुढे गेला, एकशेवीस झाला.

शेजारून आवाज आला. हळू, भराभर, पाठ असल्यासारखा.

"चुकनं मनं. चुकनं. तुम्हना पाय पडस. मी मायले काहीच नई सांगस. चुकनं मनं. मायले काहीच नई सांगस."

मी वळून बघितलं. ती समोर बघत होती. एक हात वरच्या हँडलवर, एक हात मांडीखाली दाबलेला. मी तिला दिसतच नव्हतो. 'चुकलं माझं, आईला काही सांगणार नाही,' हे ती मला म्हणत नव्हती.

मी गाडी कशी थांबवली मला आठवत नाही. बाभळीच्या एका झाडाशी, कच्च्यात, चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवून. इंजिन बंद केलं तरी ती बोलत होती. मग तिच्या लक्षात आलं की गाडी थांबली, आणि बाजूला भाऊ आहे. तिने पदराने तोंड पुसलं. आणि मला लाज वाटेल इतक्या साध्या आवाजात म्हणाली, "पानी शे का?"

पाणी पिऊन तिने सांगितलं. थोडंच. "मी काही बोलनू का त्या गाडी काढेत. बठ म्हनेत. आठे लई येत. चुकनं म्हनत नई तवलोंग पाय उचलेत नई." तिने काही विरोधात बोललं, माहेरी काही सांगितलं असा संशय आला, की तो गाडी काढायचा, तिला बसवून या रस्त्यावर आणायचा आणि ती चुकलं म्हणेपर्यंत वेग कमी करायचा नाही. हात उचलत नाही माझा नवरा, असं ती आईला नेहमी सांगायची. खोटं नव्हतं. त्याला हात उचलायची गरजच नव्हती, पाय होता. व्हॅन आली आणि ते थांबलं, कारण व्हॅन पळत नाही. म्हणून ही गाडी लांब, माझ्याकडे, बिघडलेली राहावी, एवढं तिला पुरत होतं.

मला तो व्हिडिओ आठवला, हिरव्या बांगड्यांचा. आणि मी दिलेला अंगठा. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडलो. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, ज्याने तिला आत्ताच त्याच रस्त्यावर त्याच गाडीत तसंच पळवलं होतं, त्याच्या पाठीवरून. दाजीचा मला संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. अठ्ठेचाळीस लूममधला एक कण्हताना ज्याला ऐकू येतो, त्याला दोन वर्षं फोनवर काही ऐकू आलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी ही गाडी विकू शकत नाही. घेणारा कोण असेल आणि त्याच्या शेजारी कोण बसेल, हे मला कळणार नाही.

मी चाळीसच्या वेगाने घरी आलो. आईला काही सांगायचं नाही, अशी शपथ तिने मला घातली. मी म्हटलं, गाडी त्याला मिळणार नाही, काळजी करू नकोस. ती मान हलवून बरं म्हणाली. दुसऱ्या दिवशी आखाजी झाली. आईने सांजोऱ्या केल्या, आमरस केला. गल्लीतल्या मुलींनी जिन्याच्या लोखंडी पट्टीला झोका बांधला होता, बहीणही त्यांच्यात जाऊन बसली. मी दारात बसून बघत होतो आणि दाजीला काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. मला वाटत होतं, एवढं केलं की झालं. गाडी द्यायची नाही. बाकी सगळं होतं तसं चालेल.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी तो आला, रिक्षाने. जाताना गाडी न्यायची होती ना. नवा शर्ट, गॉगल. आईने वाढलेलं जेवला, रस दोनदा घेतला, बोटं चाटली. मग हात पुसत म्हणाला, "हां सालेसाहेब, चावी."

मी म्हटलं, "चावी मिळणार नाही, दाजी."

"म्हणजे?"

"गाडी मी ठेवतोय."

आई मोरीतून बाहेर आली. जावयाला नाही म्हणताना तिने घरात कोणाला कधी ऐकलं नव्हतं. दाजी माझ्याकडे बघत राहिला, मग बहिणीकडे. ती भिंतीशी उभी होती, बॅग भरलेली, पायाशी. त्याला काय समजायचं ते समजलं. आणि तो हसला. मला वाटलं होतं भांडेल, ओरडेल. मी तयारीत होतो. तो छान हसला.

"ठेवा, ठेवा. सालेसाहेबांचं मन आलं तर ठेवा. आम्ही दुसरी बघू. बाजारात एकापेक्षा एक पडल्यात." मग तिला म्हणाला, "चल गं. उशीर होतो."

आणि मी काय केलं? मी तिची बॅग उचलली. आमच्यात माहेरवाशीण निघाली की भाऊ तिची बॅग दारापर्यंत नेतो, म्हणून उचलली. हात आपोआप गेला. उंबऱ्यापर्यंत नेलीसुद्धा. गाडी अडवून धरली होती मी, आणि बहिणीला माझ्याच हाताने पाठवत होतो. तो बाहेर चप्पल घालत होता.

ती माझ्यामागून आली. तिने बॅगेचा पट्टा धरला. मी सोडेना, कारण मला कळलंच नाही तिला काय हवंय. तिने माझी बोटं एकेक करून सोडवली, बॅग घेतली, मागे वळली आणि आत नेऊन आईच्या कॉटखाली सरकवली.

"माय," ती म्हणाली, समोरच्या घरातही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "मी आठेच ऱ्हास."

इथेच राहते, हे ऐकून आईने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. शपथ मोडायची गरज पडली नाही, माझ्या तोंडावर सगळं होतं. आई कॉटवर बसली, बॅग होती त्या बाजूला, पाय खाली सोडून.

दाजी दारात एका पायात चप्पल घालून उभा. "सालेसाहेब, समजवा तिला."

मी म्हटलं, "रिक्षा मेन रोडवर मिळेल."

तो गेला. त्याला आता बरेच महिने झाले. दोन्हीकडची चार माणसं येऊन बसून गेली, पुन्हा येतील. ती आईजवळ झोपते, दिवसा घरीच साड्यांना टिकल्या लावायचं काम करते. रागावली की मला वाटेल ते बोलते, जुनं-पुराणं सगळं काढते, फोनवर मी जे बोललो होतो तेही शब्दाशब्दाने ऐकवते. फक्त त्या दिवशी तिची बॅग मी उचलली होती, हे तिने मला एकदाही ऐकवलेलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.